तांबड्या रश्श्याच्या वाट्या

मी कोल्हापुरात, घरच्याच भट्टीत, ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, दिलेल्या मातीच्या वाट्या करतो. भट्टीतून काढल्या की आरशासारख्या चमकायच्या. रात्री मात्र फळीवरून टिंग, टिंग असा बारीक आवाज यायचा. आठवडाभर तांबडा रस्सा वाढला की आत केसाएवढ्या लाल रेषांचं जाळं उमटायचं. तेल-तिखट भेगांत मुरलेलं, कितीही घासलं तरी निघत नसे.

"भट्टी गरम असतानाच उघडायलाईस, मग दुसरं काय हुणार?" आबा म्हणायचे. त्यांचं आयुष्य मातीत गेलंय, म्हणून पुढच्या खेपेला दोन दिवस झाकणाला हात लावला नाही. भेगा तशाच.

शेवटी ओळखीच्या प्राध्यापकांमुळे एका प्रयोगशाळेत डायलॅटोमीटरवर तपासणी झाली. तापताना वस्तू किती लांबते, ते हे यंत्र मोजतं. त्याला २५ मिलिमीटरची कांडी लागते, दोन्ही टोकं अगदी समांतर. माझी पहिली कांडी तिरकी निघाली. मग काचेवर पॉलिशपेपर ठेवून तासभर घासत बसलो. ग्लेझची कांडी त्याहून किचकट: पूड साच्यात वितळवायची, सावकाश निववायची, मग कापायची.

मिनिटाला ५ अंश या वेगानं मातीची कांडी १००० अंशांपर्यंत जायला सव्वातीन तास लागले. मी पडद्यासमोरून हललो नाही. सरळ चढणारी रेघ ५७३ अंशांजवळ एकदम उसळली. मातीतल्या गारेची, म्हणजे क्वार्ट्झची, रचना तिथं बदलते आणि ती फुगते. निवताना तितकीच आकसते. शिरोलीच्या फाउंड्रीतला मावसभाऊ म्हणाला, साच्याच्या वाळूचं हेच दुखणं. म्हणजे आबांचं खरंच होतं: घाईनं निववलं तर तिथं भांडं दुभंगतं. पण माझं दुखणं वेगळं होतं.

५०० अंशांपर्यंत माती दर अंशाला दहा लाखांत ६.१ भाग वाढत होती, ग्लेझ ७.९. जे जास्त वाढतं ते निवताना जास्त आकसतं. ग्लेझ आखडू पाहतं, माती आखडू देत नाही. काच दाब सोसते, ताण नाही. मग भट्टी कितीही हळू निववा, ग्लेझ फाटणारच.

ग्लेझमधला सोडा फेल्डस्पार, म्हणजे सोडियम असलेलं खनिज, कमी केला; सिलिका, म्हणजे गारेचीच पूड, आणि बोरॉनचं फ्रिट, म्हणजे आधीच वितळवून दळलेली काच, वाढवलं. मातीत फुगणारी हीच गार काचेत विरघळली की ग्लेझचं प्रसरण कमी करते, हे मला अजून नवलाचं वाटतं. चौथ्या मिश्रणाला आकडा ५.७ आला. त्या वाट्या दहा वेळा उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात बुडवल्या, वर शाई चोळली. एकही रेघ नाही.

आबांनी स्वतः एका वाटीत रस्सा ओतून रात्रभर ठेवला. सकाळी धुतली, दारात उजेडाला धरली, बोट फिरवलं आणि ती आपल्या ताटाजवळ ठेवली.