खडीच्या ढिगातलं भांगर

कोल्हापूर, बेळगाव, मग चोर्ला घाट. केरीच्या अलीकडे चहाला थांबलो, तर रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या खडीत काहीतरी पिवळं चमकलं. गाडीतल्या कुणाला न सांगता तो खडा गुपचूप खिशात टाकला. हावरटपणा, दुसरं काय!

साखळीला मावशीकडे पोचल्यावर तो काकांपुढे ठेवला. काकांचं आयुष्य लोखंडाच्या खाणीवर, लॅबमध्ये गेलेलं. बघितलं न बघितलं आणि कोकणीत हसले, ‘‘भांगर न्हय रे हें!’’ म्हणजे, सोनं नव्हे. न्हाणीची उरलेली टाइल उलटी करून तिच्या खरखरीत बाजूवर खडा घासला. हिरवट काळी रेघ. अस्सल सोन्याची रेघ पिवळी येते. हा पायराइट, म्हणजे लोखंड नि गंधक.

‘‘पण नुसत्या रेघेवर जाऊ नये. काल्गूर्लीवाले कसे फसले?’’

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काल्गूर्लीला 1893 मध्ये सोनं सापडलं. तिथे एक फिकट पितळी, ठिसूळ दगडही निघायचा. लोकांनी तो पायराइट समजून टाकला, त्यानं रस्त्यातले खड्डे बुजवले! त्यात होतं कॅलाव्हराइटसारखं टेल्युराइड, म्हणजे सोनं नि टेल्युरियम या मूलद्रव्याचं संयुग. सोनं निसर्गात बहुधा एकटंच राहतं, सहसा कुणाशी सोयरीक करत नाही. टेल्युरियमशी मात्र जमतं. कॅलाव्हराइटमध्ये तर वजनाच्या 40 टक्क्यांहून जास्त सोनं असतं. जमिनीच्या पोटातलं खनिजांनी भारलेलं गरम पाणी भेगांमधून चढतं, निवतं, आणि क्वार्ट्झच्या शिरांमध्ये हे मागे ठेवून जातं. कोलोरॅडोतल्या क्रिपल क्रीकला ते जुन्या ज्वालामुखीच्या खडकांत सापडतं. नाव मात्र कॅलिफोर्नियातल्या कॅलाव्हेरास परगण्याचं. काल्गूर्लीत 1896 मध्ये उलगडा झाला, आणि लोकांनी आपलेच रस्ते उकरले.

कॅलाव्हराइटची रेघही पिवळीधमक नसते, हिरवट करडीच. मग ओळखायचं कसं? तापवून. टेल्युरियम उडून जातं आणि पृष्ठभागावर सोन्याचे बारीक थेंब घामासारखे फुटतात.

काकांनी मावशीच्या चुलीतले करवंटीचे निखारे फुंकून खडा त्यावर ठेवला. मी श्वास रोखून बघतोय. घाम काही फुटला नाही; घरभर चतुर्थीच्या फटाक्यांसारखा गंधकाचा वास मात्र सुटला. मावशीनं आम्हा दोघांना परसात हाकललं.

दुसऱ्या दिवशी हरवळ्याच्या धबधब्याकडे निघालो. एका खड्ड्यात गाडी आदळली, मी सवयीनं खाली वाकून बघितलं.

‘‘उतरू नको,’’ काका म्हणाले, ‘‘मागे टिप्पर आहे.’’