तीस पाऱ्यांचा जलसा

आमच्या गावच्या मकतबचा, म्हणजे कुरआन शिकायच्या शाळेचा, सालाना जलसा शाबान महिन्यात व्हायचा, रमजानच्या तोंडावर. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं तो दरवर्षी मागं मागं सरकायचा. मी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, शिकत होतो तेव्हा तो मार्चच्या उन्हात झाला. हायस्कुलात गेलो तोवर तुरीच्या सवंगणीत आला, आणि पुढं ऐन कापूस वेचणीत. वेचणीच्या वर्षी बाया अर्धा रोज बुडवून यायच्या.

रात्री नात म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची गाणी, तकरीर म्हणजे भाषण, पोरांचे सवाल-जवाब. पण माझा जीव गुंतलाय तो सकाळच्या कुरआनख्वानीत, सगळ्यांनी मिळून कुरआन वाचण्यात. मशिदीच्या कपाटात कुरआनचे तीसही पारे, म्हणजे भाग, वेगवेगळे बांधलेले होते. अख्खं कुरआन पाठ असलेले हाफिजजी ते सतरंजीवर मांडायचे आणि येईल त्याच्या हाती एकेक द्यायचे. बायकांचे पारे शेजारच्या वाड्यात जायचे. एकट्याला कित्येक दिवस पुरणारं वाचन तीस जणांत सकाळभरात पुरं व्हायचं. कुणी संथ वाचणारा मागं राहिला, तर बाजूचा आपला पारा मिटून त्याची उरलेली पानं घ्यायचा. सांगावं लागत नसे.

पाऱ्यांची वाटणी सूरांच्या, म्हणजे अध्यायांच्या, हिशेबानं नाही, वाचायला साधारण सारखे भाग पडावेत अशी आहे. सूरा ११४. त्यांतली एक २८६ आयतींची, म्हणजे वचनांची, तर कौसर तीनच आयतींची. २८६ वाली ती सूरा बकरा. पहिल्या पाऱ्यात सुरू होते, अख्खा दुसरा व्यापते आणि तिसऱ्यात संपते. दुसरा पारा ज्याला मिळे त्याच्याकडे सूरेची ना सुरुवात, ना शेवट. नुसता मधला पट्टा. तिसरावाल्याला मात्र पहिल्याच पानावर आयतुल कुर्सी ही सगळ्यांच्या ओळखीची आयत. सूरा यासीन बाविसाव्या आणि तेविसाव्यात वाटली गेलेली, म्हणून त्या दोघांना हाफिजजी मुद्दाम शेजारी बसवत.

आम्हा लहानांच्या वाट्याला तिसावा, अम्मापारा. छोट्या छोट्या ३७ सूरा, बऱ्याचशा तोंडपाठ. सगळ्यांत आधी उतरलेल्या आयती, सूरा अलकच्या पहिल्या पाच, याच शेवटच्या पाऱ्यात आहेत, हे हाफिजजींनी सांगितलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! अजूनही होतो.

रात्रीच्या सवाल-जवाबाला मराठी शाळेचे हेडमास्तर पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत असत. तुकडोजी महाराजांना मानणारे. ग्रामगीतेचे ४१ अध्याय त्यांच्या रोजच्या वाचनातले. हाफिजजी विचारायचे, सुरुवातीला बिस्मिल्लाह, म्हणजे 'अल्लाहच्या नावानं' ही ओळ, नसलेली सूरा कोणती? तौबा, नववी. मग बिस्मिल्लाह एकूण ११३ का? नाही जी, ११४च. सूरा नम्लमध्ये दोनदा येते. टाळ्या पडायच्या. एका साली हेडमास्तरांनीच हात वर केला.

"अन् कुरआनाचे हे सात भाग, ह्या मंझिला, कायच्यासाठी रे बाबू?"

"रोज एक पढली तर आठवड्यात कुरआन पुरं होते, गुरुजी."

"आन् पानाच्या बाजूले हे ऐन अक्षर काढलं, ते?"

"ते रुकूचं. तरावीहमध्ये, रमजानच्या रातच्या नमाजात, एका रकातीत म्हणजे एका फेरीत साधारण तेवढं पढून रुकूत, म्हणजे वाकायला, जाता येते."

गुरुजींनी जवळ बोलावून पान पाहिलं, ऐनाच्या वरखालचे आकडेही विचारून घेतले. पाहुणा म्हणून हार घेऊन निघून जाणाऱ्यांतले ते नव्हते. शिकवणारा माणूस दुसऱ्याच्या ग्रंथाकडंही कसं बघतो, ते मी तिथं पाहिलं.

वाड्यात आईला सत्ताविसावा पारा हवा असायचा. एकटीला नाही, सगळ्याच बायकांना. त्यात सूरा रहमान. ७८ आयती, आणि 'फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज्जिबान', म्हणजे तुम्ही दोघं आपल्या रबच्या कोणकोणत्या देणग्या नाकाराल, ही ओळ ३१ वेळा. ज्या बाईला तो मिळे ती एरवी मनातल्या मनात वाचणारी असली, तरी रहमानला आवाज काढायची आणि बाकीच्या आपापल्या पाऱ्यावर बोट ठेवून तेवढी ओळ तिच्यासोबत म्हणायच्या. त्यामुळं वाड्यातली कुरआनख्वानी नेहमी उशिरा संपे. मशिदीत दुआसाठी थांबलेले बापे खोळंबत, बुंदीच्या परातीभोवती पोरं घोटाळत, आणि हाफिजजी म्हणत, "रहमान चालू असंल. होऊ द्या."

आता पारे फोनवर आधीच ठरतात. नागपूर-पुण्याला गेलेले आपला आकडा लिहून पाठवतात आणि तिथं बसून पढतात. सत्ताविसावा सगळ्यांत आधी जातो.