पांढरी चारचा वुल्फ आणि काकांचा मणी

रविवारी सकाळी चेलोच्या (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनच्या) जी तारेवर चौथ्या पोझिशनला, म्हणजे हात गळ्यावरून खाली सरकवून गेले, करंगळीने पांढरी चार (एफ स्वर) लावली आणि ती सरळ वाजली. घरघर नाही, गजाखाली थरथर नाही. सर म्हणाले, "परत लावा." सहा वेळा लावली, सहाही वेळा लागली. या एका स्वराने माझा दीड महिन्याचा सराव खाल्ला होता.

हा स्वर घरघरायचा, आणि मागच्या वेळी लिहिताना मी त्याचा सगळा दोष गजावर टाकला होता. ते चुकलंच. राळ बदलली, गजाला नवे केस बसवून घेतले, शेवटी जी तारही नवी आणली, तरी वुल्फ, म्हणजे ही घरघर, जागची हलली नाही. चेलोच्या पोटाचा स्वतःचा एक स्वर असतो. तारेवर नेमका तोच लावला की तारेचा जोर पोट ओढून घेतं, दोघांची ओढाताण सुरू होते आणि व्व-व्व-व्व ऐकू येतं. माझ्या चेलोत मे महिन्यात ती जागा पांढरी चार आणि तिच्या वरच्या काळी तीनच्या मधोमध होती, म्हणून कधी नडली नाही. जुलैच्या पावसात लाकडाने ओल धरली आणि वुल्फ उतरून थेट पांढरी चारवर येऊन बसला. तोच स्वर डी तारेवर पहिल्या पोझिशनला बराच बरा लागतो. जी तारेवर लावताना मात्र चेलो गुडघ्यांत आवळून धरावा लागायचा. त्याने आवाज शांत व्हायचा खरा, पण मांड्या भरून यायच्या आणि गज आखडायचा.

त्यावरचा उपाय म्हणजे घोडी आणि टेलपीस (खाली तारा अडकवायची पट्टी) यांच्या मधल्या तारेवर बसणारी पितळी नळी. मी ऑनलाइन मागवलेल्या नळीच्या स्क्रूचे आटे पहिल्याच दिवशी गेले आणि दुकानाने ती परत घेतली नाही. ही वस्तू हातात घेऊन, स्क्रू फिरवून पाहूनच घ्यावी, असं माझं आता पक्कं मत आहे.

सरांकडे माझ्या आधी आठ वर्षांची एक मुलगी अर्ध्या साइजच्या चेलोवर शिकते, माझ्यानंतर अडुसष्ट वर्षांचे एक काका. काकांनी आयुष्यभर तानपुऱ्यावर गायलंय. त्यांनी ती मोडकी नळी हातात घेतली आणि म्हणाले, "अहो, हा तर मणी! आमच्या तानपुऱ्यातही घोडीच्या खाली इथेच असतो. केसभर सरकवायचा आणि कान लावायचा." मी ती नळी एका जागी घट्ट आवळून आशेवर बसले होते. ती सरकवत सरकवत लावायची असते, हे मला काकांच्या त्या वाक्याने कळलं.

मग हार्डवेअरच्या बोहरी आळीत जाऊन वायर जोडायच्या जाड कनेक्टरची पट्टी आणली, प्लास्टिक कापून आतला पितळी तुकडा काढला. स्क्रू त्याला मुळातच असतो. आत सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब कापून घातली, म्हणजे पितळ तारेला घासत नाही. जी तार खुंटीकडून सोडवून तुकडा ओवला. बाकीच्या तीन तारा ताणलेल्याच ठेवल्या, नाहीतर पोटात नुसत्या दाबाने उभा असलेला लाकडी खांब, साउंडपोस्ट, पडला असता.

घोडीपासून तीन सेंटिमीटरवर काहीच फरक पडला नाही. चार सेंटिमीटरवर वुल्फ काळी तीनकडे सरकला, पण ए तारेचा आवाज दबला. मग स्क्रू सैल करायचा, एक मिलिमीटर, परत आवळायचा, गज फिरवायचा. शनिवारी रात्री दोन तास एवढंच चाललं होतं. साडेचार सेंटिमीटरच्या जरा अलीकडे पांढरी चार मोकळी झाली आणि ए तारही उघडली. वुल्फ गेलेला नाही. तो दोन स्वरांच्या फटीत आहे, तिथे माझं बोट कधी थांबत नाही. तारेवर पेन्सिलची खूण करून ठेवलीय, कारण ऑक्टोबरच्या उन्हात लाकूड सुकलं की हे सगळं पुन्हा करावं लागणार.

त्या छोटीचंही सांगायलाच हवं: तिने फिंगरबोर्डवरच्या, बोटांच्या जागा दाखवणाऱ्या पट्ट्या काढल्या आणि पूर्ण सी स्केल खाली न बघता वाजवली. एकदाच चुकली, तेही कानाने ओळखून तिने स्वतःच बोट सरकवलं. सर तिला काही बोलले नाहीत, फक्त मान डोलावली.

पुढचा महिना टेनर क्लेफला (वरच्या स्वरांच्या नोटेशनची खूण वाचायला) द्यायचा असं ठरलं होतं. तो बेत बदलला. आधी जी तारेवरची चौथी पोझिशन पक्की करणार, आता कुठे ती ऐकू यायला लागलीय. आणि हे लिहिता लिहिता सुचलं: तुकड्याला करवतीने उभी चीर दिली तर तार न सोडवता तो बाजूने बसवता येईल, खुंटीकडची गुंडाळी दर वेळी वाकवायला नको. शनिवारी बोहरी आळीतून आणखी दोन तुकडे आणते. एक चीर देऊन पाहायला, दुसरा सरांकडच्या नववीतल्या मुलासाठी. त्याच्या पाऊण साइजच्या चेलोतही सी तारेवर वर कुठेतरी घरघरतं. आधी त्याचा नेमका स्वर शोधायचा. काकांना बरोबर बसवणार आहे, त्यांचा कान माझ्याहून तयार आहे.