पाककृतींच्या वहीचं ॲप, आठवडा सहावा: अनडू आणि कोथिंबीर

गेल्या आठवड्यात साहित्याचा तक्ता मॉडेल-व्ह्यूवर (माहिती एकीकडे, ती दाखवणारा भाग दुसरीकडे) नेला, तो नीट चालतोय. या आठवड्यात अनडू (केलेला बदल मागे घेणं) घ्यायला गेलो आणि तिथेच रुतलो.

कमांड पॅटर्न, म्हणजे अनडूसाठीची नेहमीची मांडणी, वाचताना सोपा वाटतो. प्रत्येक बदल म्हणजे एक वस्तू. तो करायचा कसा आणि मागे घ्यायचा कसा, दोन्ही तिलाच ठाऊक. पायसाइड६मध्ये (पायथनमधून क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी वापरायचा संच) अशा वस्तूसाठी क्यूअनडूकमांड आणि त्या रचून ठेवायला क्यूअनडूस्टॅक आयते मिळतात. (जुने धडे ते क्यूटीविजेट्समधून आणतात, क्यूटी ६ पासून क्यूटीजीयूआयमधून आणायचे. इथेच पंधरा मिनिटं गेली.)

पहिला फटका: ‘साहित्य जोडा’ दाबलं की दोन ओळी यायच्या. मी आधी ओळ मॉडेलमध्ये घालत होतो, मग कमांड पुश करत (स्टॅकवर ढकलत) होतो. पण पुश झाल्याबरोबर स्टॅक स्वतःच कमांडचं रीडू (मागे घेतलेलं पुन्हा करणं) चालवतो. म्हणजे पहिल्यांदा करणं हेसुद्धा रीडूच! नाव अगदीच फसवं ठेवलंय.

दुसरं दुखणं चिवट निघालं. साहित्याच्या नावाच्या चौकटीचा टेक्स्टचेंज्ड सिग्नल (मजकूर बदलल्याची वर्दी) कमांडला जोडला होता. अनडू दाबलं की क्यूअनडूव्ह्यूच्या (स्टॅकमधल्या कमांड दाखवणाऱ्या) यादीत नवीच ओळ उगवायची. रीडू करताना एकदा तर प्रोग्रॅमच आपटला. दोन संध्याकाळी गेल्यावर पुशच्या आधी एक प्रिंट टाकला, तेव्हा उलगडा झाला. अनडू मॉडेल बदलतं, मॉडेल चौकटीत जुना मजकूर भरतं, त्यावर टेक्स्टचेंज्ड सुटतो, आणि अनडू अजून संपलेलंही नसताना माझाच कोड नवी कमांड ढकलतो. टेक्स्टएडिटेड हा दुसरा सिग्नल मात्र माणसाने टाइप केलं तरच सुटतो, सेटटेक्स्टने (कोडमधून मजकूर भरल्यावर) नाही. एका शब्दाची दुरुस्ती.

मग कोथिंबीर. डोळ्याला चार अक्षरं, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर आठ कळा, म्हणून आठ कमांड. टूलबारवरचं अनडू दाबत बसलो: कोथिंबी, कोथिंब, कोथिं, कोथि, कोथ... (कंट्रोल-झेड चौकटच गिळते, तिचं अनडू वेगळं. ते भांडण नंतर.) यावर उपाय मर्जविथ. दोन कमांडचा आयडी (कमांडचा प्रकार सांगणारा आकडा) सारखा असला की स्टॅक जुनीला विचारतो, हिला पोटात घेतेस का? मी सरसकट हो म्हणून टाकलं. खालच्या ओळीतल्या हळदीचा हिंग केला, अनडू, रीडू, आणि कोथिंबिरीच्या ओळीतही हिंग! ओळ तीच आहे का, हे तपासलंच नव्हतं.

आता कोथिंबीर एका दाबात जाते, एका दाबात परत येते. फक्त तीच ओळ दहा मिनिटांनी पुन्हा सुधारली, तरी तो बदल जुन्याच कमांडच्या पोटात जातो. एडिटिंगफिनिश्ड (चौकटीतलं टायपिंग संपल्याचा सिग्नल) सुटला की एक आकडा वाढवायचा आणि आकडा जुळला तरच मर्ज करायचं, असं डोक्यात आहे. रविवारी बसतो.