टाकी पडद्यावर भरलेली होती

जुन्या उंच टाक्यांच्या अंगावर आकडे रंगवलेली पट्टी असते आणि तिच्यावर एक काटा. आत तरंगता गोळा, वर कप्पी, बाहेर दोरीला हा काटा. आत पाणी चढलं की बाहेरचा काटा उतरतो. म्हणजे काटा खाली असेल तर टाकी भरलेली, वर असेल तर रिकामी. पाणीपुरवठ्यात नवीन लागलेला माणूस हे हमखास उलटं वाचतो आणि व्हॉल्व्हमन त्याची मजा बघतात.

गोष्ट मे 2025 मधली. शहराचं नाव घेत नाही. राज्यातली आठ शहरं स्मार्ट सिटी अभियानात होती, त्यातलं एक. मी तिथे झोन कार्यालयात कनिष्ठ अभियंता. पाणी चार दिवसांआड, आणि त्या दिवशी आमच्या मोठ्या टाकीची पाळी. पहाटे पाचच्या आधीच व्हॉल्व्हमनचा फोन आला. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही.

"मॅडम, काटा पार वर हाय. टाकीत काय न्हाय."

मी मोबाईलवर स्काडा उघडला, म्हणजे टाक्यांची पातळी दुरून दाखवणारी यंत्रणा. पातळी 4.2 मीटर, छान हिरव्या रंगात.

"मामा, इथे तर भरलेली दिसतेय."

"मग तिथनंच सोडा पाणी," म्हणाले आणि फोन ठेवला.

आठ वाजता कार्यालयाच्या दारात हंडे घेऊन बायका उभ्या. पुढे वॉर्डातल्या माजी नगरसेविका. माजी म्हणजे, 2022 मध्ये मुदत संपली आणि तेव्हापासून निवडणूकच झाली नव्हती, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. त्यांना ना पद ना निधी, तरी लोक दार त्यांचंच वाजवायचे. 74 व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा बाराव्या अनुसूचीत घातला तो निवडून आलेल्या नगरपालिका-महापालिकांच्या हाती यावा म्हणून. इथे निवडून आलेलं कुणी उरलंच नव्हतं. मग उत्तर द्यायला राहिले कोण, तर मी आणि मामा.

"वहिनी, दोन तास द्या, टँकर पाठवते."

"टँकर आमच्या बोळात शिरत नाही, ते तुम्हालाही माहितीय."

माहीत होतं.

तेवढ्यात शेजारच्या झोनमधून फोन. त्यांची टाकी मध्यरात्रीपासून ओसंडून वाहत होती, पाणी थेट नाल्यात. मग उलगडा झाला. पंपिंग स्टेशनवर रात्रपाळीला एकटा ऑपरेटर असतो. त्याच्यासमोर तोच पडदा, त्यावर आमची टाकी काठोकाठ. त्याने आमच्याकडे येणारं पाणी बंद करून शेजारी वळवलं. त्याच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. शेजारची टाकी भरल्याचं त्याला कळलं नाही, कारण तिला सेन्सरच नव्हता. अभियानातला मोठा पैसा निवडलेल्या एका भागावर खर्च करायचा होता आणि ती टाकी त्या भागाच्या हद्दीपलीकडे पडत होती. जिथे सेन्सर होता तिथे तो खोटं सांगत होता, जिथे हवा होता तिथे नव्हता.

टँकर आणि व्हॉल्व्हची जुळवाजुळव लावून दुपारी कमांड सेंटरला गेले. वातानुकूलित हॉल, भिंतभर पडदा. चौक, दिवे, कचरागाड्या, सगळं हलतंय. अशी केंद्रं अभियानातल्या शंभरही शहरांत झाली आणि त्यातल्या अनेकांनी 2020 मध्ये कोविडच्या वॉर रूम म्हणून खरंच काम केलं. मी यंत्रणेच्या विरोधात नाही. रात्री कुणी नळ उघडत नाही तेव्हाही वाहणारं पाणी मोजून आम्ही गळत्या पकडल्यात, ते मामांच्या काट्याला जमलं नसतं.

तिथल्या मुलाने आमच्या टाकीचा आलेख काढून दाखवला. आदल्या दुपारपासून रेघ एकदम सरळ. भरणाऱ्या-उतरणाऱ्या टाकीची रेघ सरळ असूच शकत नाही, पण त्यावर धोक्याची घंटा लावलेली नव्हती. घंटा होती ती पातळी फार खाली गेली तर किंवा फार वर गेली तर. टाकीवरच्या पेटीतून आकडा पाठवणारं सिमकार्ड बंद पडलं होतं. नवा आकडा येईना, म्हणून पडदा शेवटचा आलेला दाखवत बसला.

"सिम का बंद पडलं?"

"रिचार्ज संपला, मॅडम."

काही शे रुपयांचं रिचार्ज. सिम ठेकेदाराच्या नावावर, ठेकेदाराचा देखभाल करार स्मार्ट सिटी कंपनीशी. कंपनी म्हणजे कंपनी कायद्याखाली काढलेली वेगळी संस्था, राज्य आणि महापालिकेचा त्यात निम्मा-निम्मा वाटा. निर्णय झटपट व्हावेत म्हणून ती काढली, आणि बांधकामाच्या काळात ते झालेही. पण 25 जून 2015 ला सुरू झालेलं अभियान मुदतवाढी घेत घेत 31 मार्च 2025 ला संपलं. केंद्राचे शहरामागे 500 कोटी उभारणीसाठी होते. उभारल्यावर ते चालवायचं कुणी, हे आमच्या शहरात कागदावरच राहिलं. करार संपलेला, यंत्रणा महापालिकेकडे हस्तांतरित झालेली नाही. मुलगा बिचारा मला चहा देत म्हणाला, तिकीट टाकलंय, म्हणजे तक्रार नोंदवलीय.

त्या दिवशी टँकरवर किती गेले ते सांगत नाही, पण ते मंजूर करायला एक सही पुरली. सिमसाठी मी टिपण ठेवलं, तर लेखा विभागाने ते परत पाठवलं: सदर सिम मनपाच्या मालकीचे नाही, खर्चास लेखाशीर्ष नाही. त्यांचंही नियमाने बरोबर. स्मार्ट सिटीच्या मार्गदर्शक सूचनांत पायाभूत सुविधांची यादी आहे, तिच्यात पहिला क्रमांक पुरेशा पाणीपुरवठ्याचा. वीज, स्वच्छता, वाहतूक, सगळं त्यानंतर. ती यादी टिपणाला जोडावी असं एकदा मनात आलं, पण लेखा विभागात विनोद चालत नाहीत.

संध्याकाळी पाणी आलं. मामांनी एका बाजूचा व्हॉल्व्ह चार आटे कमी खोलला, म्हणून उंचावरच्या गल्ल्यांनाही थोडंफार मिळालं. कुठे किती आटे, हे कुठल्याच नकाशावर नाही आणि मामा पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. मी ते लिहून घ्यायला सुरुवात केलीय.

पहाटे मामा आता टाकीची पातळी फोनवर सांगतात, मी ती पंपिंग स्टेशनच्या ऑपरेटरला व्हॉट्सअ‍ॅप करते. मध्यंतरी कंपनीचं पत्र आलं, डॅशबोर्ड अद्ययावत ठेवण्यासाठी आपल्याकडील नोंदी रोज पाठवाव्यात. पाठवते. त्या पत्राच्या उत्तरात मी सिमचंही विचारलं होतं. त्याला अजून उत्तर नाही.