मेंढीच्या पाठीवरचा नंबर

इंदूरहून फोन आला की आत्या हमखास विचारते, "अगं, तू तिथे मेंढ्या वळतेस का गं?" वळायला कुत्रा आहे आत्या! ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही वेल्समध्ये, आणि मार्च-एप्रिलात शेजारच्या फार्मवर मेंढ्या व्यायला लागल्या की माणसं कमी पडतात म्हणून मी जाते. पण खरं सांगू, निम्मं काम लिहायचंच असतं.

हिशोब सुरू होतो आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एडक्याच्या छातीला पट्ट्याने रंगाचा खडू बांधतात, तो जिच्यावर चढला तिच्या पाठीवर डाग पडतो, आणि दर १६-१७ दिवसांनी रंग बदलतात कारण मेंढीचं माजाचं चक्र तेवढंच असतं. गाभण काळ साधारण १४७ दिवस, म्हणजे डाग बघून कोण कधी व्यायची ते कळतं. मध्ये सोनोग्राफी पण होते. जुळंवालीला खुराक जास्त, एकच असेल तर बेताने, नाहीतर कोकरू मोठं होऊन अडतं.

कोकरू पडलं की नाळेला आयोडीन आणि पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, एका वेळेला वजनाच्या किलोमागे ५० मिली, कारण रोगाशी लढायची ताकद ते जन्मताना घेऊन येतच नाही, ती चिकातूनच मिळते. (खरवसाला काही उरत नाही, विचारू नका.) गारठलेलं कोकरू दिसलं की लगेच शेकोटीजवळ न्यावंसं वाटतं, पण आधी थर्मामीटर! नॉर्मल ३९ ते ४० अंश सेल्सिअस. ३७ च्या खाली असेल आणि जन्मून पाच तास उलटले असतील तर आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन, मगच ऊब, कारण अंगातली साखर संपलेली असते आणि तशीच ऊब दिली तर फिट येऊन जातं बिचारं.

मग आई आणि पिल्लं, सगळ्यांच्या अंगावर स्प्रेने एकच नंबर. मेंढीला सड दोनच, त्यामुळे तिळ्यांतलं एक कोकरू एकच पिल्लू असलेल्या मेंढीला लावतात आणि वहीत त्याची आई बदलते. कुणाला अडलं, कुणाला दूध नाही, कुणी पिल्लाला लाथ मारली, सगळं लिहायचं, आणि नंतर तीच वही बघून कुणाला ठेवायचं, कुणाला विकायचं ते ठरतं. मला आधी हे फार निष्ठुर वाटायचं, आता नाही वाटत.

सरकारी वह्या वेगळ्याच. कानात चिपवाला टॅग, औषधाची नोंद, कळप हलवला की तीन दिवसांत कळवायचं. २००१ च्या लाळ्या-खुरकुतात ब्रिटनभर साठ लाखांवर जनावरं मारली गेली, त्यानंतर नियम आणखी कडक झाले.

आपल्याकडे माळव्यात राजस्थानचे रबारी मेंढपाळ एवढी मोठी रेवडं घेऊन येतात, नंबर-बिंबर दिसत नाहीत कुठे. यंदा मी इंदूरला आले आणि देवास रोडला डेरा दिसला, तर त्यांना विचारणार आहे की परकं पिल्लू मेंढीला लावायला ते काय करतात.