अदानाचं मैदान ‘काबीज’ नव्हतंच

कराटेपेच्या उत्तर दरवाज्यात मी सकाळपासून टॉर्च तिरपा धरून बसले होते. बसाल्टवर झिजलेली रेघ समोरच्या उजेडात दिसत नाही, आडव्या उजेडात तिची सावली पडते आणि मग कळते. लुवियन या प्राचीन भाषेच्या कोशातल्या एका क्रियापदाची नोंद माझ्याकडे होती, आणि ती पाठवण्याआधी मला ती चिन्हं दगडावर बघायची होती.

ही जागा दक्षिण तुर्कस्तानात, जेहान नदीकाठच्या डोंगरात आहे. 1946 मध्ये हेल्मुट बोसर्ट आणि हालेत चाम्बेल इथे पोचले आणि एकच मजकूर दोन प्राचीन भाषांत कोरलेला सापडला, फिनिशियन आणि लुवियन. फिनिशियन वाचता येत होती, लुवियनची चित्रलिपी तोवर अर्धवटच सुटली होती. चाम्बेलबाईंनी हट्टाने या शिळा जागच्या जागी ठेवल्या, म्हणून आज मी सिंहाच्या पायाशी बसून वाचू शकते. त्या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत.

मजकुरात अझातिवादा नावाचा सत्ताधीश बोलतो. तर्हुन्झा देवाने मला अदाना शहराची ‘आई आणि बाप’ केलं, असं तो म्हणतो. लुवियनमध्ये आई आधी येते. फिनिशियनमध्ये त्याच जागी ‘बाप आणि आई’ आहे. आपल्या ‘मायबाप’ची सवय असलेल्या कानाला लुवियन क्रम लगेच पटतो.

थोडं पुढे, अदानाच्या मैदानाचं आपण काय केलं हे तो सांगतो त्या वाक्यात, माझं क्रियापद: ला-तरा-हा-हा-वा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसरा ‘हा’ पाथरवटाची चूक वाटला होता. चूक नाही. पहिला ‘हा’ म्हणजे ‘मी केलं’, दुसरा म्हणजे ‘आणि’. शेवटचा ‘वा’ हे बोलणं असल्याची खूण, आपल्या ‘इति’सारखी, फक्त वाक्याच्या पहिल्याच शब्दाला लागणारी. हे सगळं काढून टाकलं की हाती उरतं ‘लातरा-’.

शब्दाच्या आधी हाताचं चित्र आहे. ते उच्चारायचं नसतं, अर्थाचा प्रांत तेवढा सुचवतं. त्या हातावरूनच मी मसुद्यात ‘हाती घेणे, काबीज करणे’ लिहिलं होतं. जमिनीबद्दल बोलणारा सत्ताधीश दुसरं काय म्हणणार, असं मी धरून चालले होते. फिनिशियन बाजूचा शब्द मी पाहिला होता, पण त्याला दुय्यम पुरावा समजून बाजूला ठेवला होता. तिथे र-ह-ब या धातूचं प्रयोजक रूप आहे: रुंद केलं.

दहाच्या सुमाराला पहारेकरी चहा घेऊन आले. म्हणाले, “मेरहाबा.” मीही “मेरहाबा” म्हटलं आणि टॉर्च खाली ठेवला. हा शब्द तुर्कीत अरबीतून आलाय आणि त्याचा धातू तोच आहे, र-ह-ब. ‘या, इथे ऐसपैस जागा आहे’ असं ते अभिवादन मुळात सांगतं. मी महिनाभर कागदावर ज्याला दुय्यम म्हणत होते, ते गेले चार दिवस मला रोज सकाळी ऐकू येत होतं.

अर्थात याने फिनिशियन शब्दाचा अर्थ जवळचा होतो, लुवियनचा सिद्ध होत नाही. म्हणून मी पुढचे शब्द पुन्हा वाचले. फिनिशियन म्हणते, उगवतीपासून मावळतीपर्यंत. लुवियन म्हणते, एकीकडे मावळतीच्या दिशेला, दुसरीकडे उगवतीच्या दिशेला. क्रम उलटा, रचनाही वेगळी. इथे कुणी शब्दाला शब्द ठेवलेला नाही, दोन्ही भाषांनी आपापल्या वळणाने सांगितलंय. पण दोन्हीकडे मैदान मधे आहे आणि हालचाल बाहेरच्या बाजूला, दोन टोकांकडे चालली आहे. काबीज करणारा हात अशा दोन दिशांना जात नाही. पसरणारा जातो. या वाक्यात शत्रूही नाही.

संध्याकाळी नोंद नव्याने लिहिली: “लातरा-, (हाताने?) पसरवणे, रुंदावणे.” पर्यवेक्षक बाईंनी रात्री फोनवर विचारलं, कंसातलं प्रश्नचिन्ह काढायचं का? मी म्हटलं, “नको बाई, राहू द्या. हात तिथे का काढलाय, ते मला अजून सांगता येत नाही.”